पुढच्या तासाचं काय?

पियानोच्या मास्टरक्लासला गेलो की मी डावीकडची कडेची खुर्ची धरतो. तिथून वाजवणाऱ्याचे हात दिसतात. मध्यंतरी मुंबईत अशाच एका वर्गात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं शोपँचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न, ऑपस 9 मधलं दुसरं, वाजवलं. छान वाजवलं. परदेशातून आलेल्या शिक्षिकेनं तिला उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला आणि नुसता डावा वाजवून घेतला. खर्जातला एक स्वर, मग वरचे दोन कॉर्ड, असा झोका या रचनेत जवळजवळ अखंड चालतो. डावा हात एकटा पडला तेव्हा कळलं, तिन्ही एकाच वजनानं पडत होते. शिक्षिकेनं खर्जाचे स्वर गाऊन दाखवले, मग मुलीला गायला लावले. ती लाजली, पण गायली. उजवा हात परत आला तेव्हा सुरावट तीच होती. आता ती तरंगत नव्हती, कशावर तरी उभी होती. शोपँ स्वतः लय सांभाळण्याचं काम डाव्या हाताकडे सोपवायला सांगायचा आणि शिष्यांना ऑपेराचे गायक ऐकायला लावायचा, हे त्याच्या शिष्यांनीच लिहून ठेवलंय.

ती वीस मिनिटं सोन्यासारखी होती. मग टाळ्या झाल्या आणि पुढचा मुलगा बाकावर बसला. आठवडाभरानं त्या मुलीचा डावा हात कसा वाजला, हे शिक्षिकेला कधीच कळणार नाही. आजच्या मास्टरक्लासबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ज्याच्या नावानं ही प्रथा ओळखली जाते, त्या पियानोवादक लिस्टचे जर्मनीतल्या वायमारमधले वर्ग असे नव्हते. 1869 पासून 1886 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत तो दर उन्हाळ्यात तिथे शिकवायचा. आठवड्यातून तीन दुपारी मंडळी जमत. स्वरलिपीच्या वह्या एका जागी रचून ठेवायच्या. लिस्ट त्या चाळून एक उचलणार, आणि जिची वही असेल तिनं वाजवायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. फी नाही. बोटांच्या कसरतीबद्दल तो फारसं बोलत नसे. ती तयारी करूनच यायचं. आपल्याकडच्या बैठकीतल्या तालमीशी याचं नातं मला जवळचं वाटतं: एकाला सांगितलेलं दहाजण उचलतात, आणि चूक परवा पुन्हा त्याच कानांसमोर येते.

पियानोवादक श्नाबेलच्या वर्गातही शिष्य एकमेकांचे धडे ऐकत बसायचे. लिऑन फ्लायशर त्यांच्यातलाच, वयाच्या नवव्या वर्षी तिथे पोचलेला. पुढे 1960च्या दशकात त्याचा उजवा हात निकामी झाला. वाजवून दाखवणं अवघड झालं, म्हणून सांगण्यासाठी शब्द शोधावे लागले. त्याच्या शिकवण्याला धार आली ती तिथून, असं तो स्वतःच सांगायचा. पियानोवादक केम्फ 1957 पासून इटलीतल्या पोझितानोला बेथोवनसाठी मोजक्या वादकांना घरी बोलवायचा. समुद्रकाठचं घर आणि सलग काही दिवस एकाच संगीतकाराबरोबर.

याच्यापुढे पियानोवादक बारेनबॉइमचे शिकागोत चित्रित झालेले बेथोवनचे वर्ग ठेवून पाहावेत. ‘अपासियोनाता’ सोनाटा घेऊन समोर बसलेला लांग लांग तेव्हाच जगप्रसिद्ध होता. चर्चा उच्च दर्जाची आहे आणि मी ती पुन्हापुन्हा पाहिली आहे. पण ते दोन तयार वादकांचं संभाषण आहे. ते पाहून शिकणारी मुलं मास्टरक्लास म्हणजे रंगमंच असं धरून चालतात आणि घासूनपुसून चकचकीत केलेली रचनाच घेऊन येतात. अर्धवट बसलेली, अडलेली रचना कुणी आणत नाही. खरी गरज तर तिथेच असते.

मुंबई, पुणे, गोव्यातल्या मुलांचं वर्ष बहुतेक ग्रेडच्या परीक्षेभोवती फिरतं. साधारण तीन रचना, स्केल्स, परीक्षकासमोर काही मिनिटं. अशा मुलांना पाहुण्या कलावंताची एक संध्याकाळ हलवून सोडते, यात शंका नाही. पण विमानाचं तिकीट काढताना संयोजकांनी आठ-दहा दिवसांचा मुक्काम धरावा, मुलं निम्मी घ्यावीत आणि प्रत्येकाला तीनदा बसवावं. लोकांना शेवटच्याच दिवशी बोलवावं. आणि मुलांच्या नेहमीच्या शिक्षकांना पियानोजवळ खुर्ची द्यावी.

त्या संध्याकाळी नॉक्टर्न वाजवणाऱ्या मुलीच्या बाई पाचव्या रांगेत होत्या. मांडीवर तीच स्वरलिपी, हातात पेन्सिल. खर्जाच्या स्वरांखाली त्या एकेक छोटी आडवी रेघ ओढत होत्या. मध्यंतरात मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “गुरुवारी तिचा तास आहे.”