मुक्या नायकाची संगीतिका

'द हू' या ब्रिटिश रॉक समूहाची, मुख्यतः पीट टाउनशेंडने रचलेली 'टॉमी' (१९६९) ही रॉक संगीतिका एका विरोधाभासावर उभी आहे. गाणे हीच जिथे पात्रांची भाषा, तिथे नायक मात्र मुका, बहिरा व आंधळा आहे. बालपणी आरशात पाहिलेली हत्या आपण पाहिलीच नाही, असे आईवडील त्याच्यावर बिंबवतात आणि त्याच्या संवेदना मिटतात. यानंतरची त्याची आर्त विनवणी ध्रुवपदासारखी परतत राहते. ती इतर पात्रांपर्यंत पोहोचत नाही, श्रोत्याला मात्र ऐकू येते. श्रोता असा त्या मौनाचा एकमेव साक्षीदार ठरतो. आरसा फुटल्यावर टॉमीला वाचा लाभते. परंतु ती लवकरच आज्ञेची भाषा बनते आणि अनुयायी त्याला झिडकारतात. १९२५पासून १९६९मधील निधनापर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांचा टाउनशेंड अनुयायी आहे, हे ध्यानी घेतल्यास वाचेच्या या अधःपतनाला निराळे परिमाण लाभते. अखेरीस तीच विनवणी पुन्हा येते व तिला जोडून कोणा 'तू'चे स्तवन. हा 'तू' गुरू की दुरावलेला समुदाय, याचा निर्णय संहिता करीत नाही. या अनिर्णयामुळेच ही कृती बोधकथेच्या पातळीवर उतरत नाही.