जेवणानंतरची वाट

उत्पत्तीच्या पुस्तकातला अठरावा अध्याय सुरू होतो तेव्हाच वाचकाच्या हाती एक गुपित येतं. मम्रेच्या राईत परमेश्वरानं अब्राहामाला दर्शन दिलं, हे कथाकार पहिल्याच वाक्यात आपल्याला सांगून टाकतो. अब्राहामाला मात्र ते कुणीच सांगत नाही. भर उन्हाची वेळ आहे, म्हातारा तंबूच्या दारात बसला आहे. तो नजर वर करतो तर समोर तीन माणसं उभी. ती येताना दिसली नाहीत, त्यांची चाहूलही लागली नाही. इथून पुढे बराच वेळ वाचकाला जे ठाऊक आहे ते यजमानाला ठाऊक नसतं, आणि कथेची सगळी गोडी या अंतरात आहे. पाहुणा कोण हे कळल्यावर धावपळ करणारे पुष्कळ असतात. अब्राहाम कळण्याआधी धावतो.

आणि खरोखरच धावतो. त्याचं वय ९९ आहे. मागच्याच अध्यायात त्याची सुंता झाली आहे. यहुदी परंपरेत तर हा सुंतेनंतरचा तिसरा, म्हणजे दुखण्याचा, दिवस मानतात. तरी कथाकारानं या चार-सहा ओळींत घाईची क्रियापदं दाटीवाटीनं बसवली आहेत. म्हातारा पाहुण्यांकडे धावतो, लगबगीनं तंबूत शिरतो, बायकोला घाई करतो, गुरांकडे पळतो, गडीही घाईनंच वासरू रांधायला घेतो. इतका वेळ उन्हात निपचित पडलेलं ते बिऱ्हाड एकाएकी जागं होतं. हिब्रू कथाकार एरवी शब्दांचा फार काटकसरी. मनातलं सांगत नाही, चेहऱ्यांचं वर्णन करत नाही. इथे त्यानं सगळी उधळण हालचालीवर केली आहे. अब्राहामाच्या मनात काय होतं ते तो लिहीत नाही; ते पायांवरून कळतं.

आमंत्रणही ऐकण्यासारखं आहे. थोडं पाणी आणवतो, पाय धुवा, झाडाखाली टेका, दोन घास खा आणि मग पुढे जा, अशा धर्तीचं ते बोलणं आहे. आग्रहाचा सूर असा की पाहुण्याला ओझं वाटू नये. आत गेल्यावर मात्र सारेला सांगितलं जातं की तीन मापं सपीठ मळायला घे. हे माप म्हणजे सआ. तीन सआ म्हणजे वीस लिटरांच्या वर पीठ, तेही तीन माणसांसाठी! शिवाय कोवळं वासरू, दही, दूध. तोंडानं दोन घास म्हणायचं आणि पानात गाव जेवेल एवढं वाढायचं, ही तऱ्हा वाचताना मराठी माणसाला ओळखीची वाटेल. पण मला खरं थांबवतं ते त्यानंतरचं वाक्य. पाहुणे जेवतात आणि अब्राहाम झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. चौदाव्या अध्यायात याच माणसानं आपल्या घरातले ३१८ शिकवून तयार केलेले लढवय्ये घेऊन राजांचा पाठलाग केला होता. वाढायला हाताखाली माणसं नव्हती असं नाही. तरी तो स्वतः उभा आहे.

तालमुदात या प्रसंगावर एक विलक्षण मत नोंदलं आहे: पाहुण्याचं स्वागत हे देवाच्या दर्शनापेक्षाही मोठं. त्यामागचं वाचन असं की परमेश्वर आधीच दर्शन द्यायला आला होता, अब्राहाम त्याच्यापुढे होता, आणि तेवढ्यात रस्त्यावर तीन वाटसरू दिसले. तेव्हा त्यानं देवाला थांबायला सांगितलं आणि वाटसरूंकडे धाव घेतली. पुंडलिकानं फेकलेल्या विटेची कथा ज्याच्या कानावरून गेली आहे त्याला हे वाचन परकं वाटणार नाही. सेवेत गुंतलेल्या माणसासाठी देव ताटकळतो, आणि रागावत नाही. ख्रिस्ती परंपरेनं वाटसरू आणि देव यांना इथे वेगळं ठेवलं नाही. तिनं तिघांतच देव पाहिला. कथेत अब्राहाम कधी एकाशी बोलल्यासारखा बोलतो, कधी तिघांशी, आणि या अडखळत्या वचनांतून चर्चच्या आचार्यांना त्रैक्याची चाहूल लागली. मला दोन्ही वाचनं हवी वाटतात. पहिलं हरवलं तर पाहुणा हा नुसता देवाचा वेश होऊन बसतो, आणि भुकेला माणूस नाहीसा होतो.

जेवण झाल्यावर पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो सारेबद्दल, तोही तिच्या नावानिशी. परक्याला घरच्या बाईचं नाव कसं ठाऊक? इथून कथेचा तोल हळूच कलतो. आत्तापर्यंत देणारा अब्राहाम होता. आता पाहुणे देऊ लागतात. पुढच्या वर्षी या सुमारास सारेच्या मांडीवर मुलगा असेल. दाराआड उभी असलेली सारा मनातल्या मनात हसते. ती का हसली, असा प्रश्न येतो, ती घाबरून नाही म्हणते, आणि उत्तर मिळतं की नाही कसं, हसलीस तू. संवाद तिथेच संपतो. ना शाप, ना बोल लावणं, ना दिलेलं वचन मागे घेणं. धर्मग्रंथात देवाचं आणि माणसाचं इतकं घरगुती बोलणं मला दुसरीकडे क्वचितच भेटलं आहे.

या जेवणाची चित्रं ख्रिस्ती कलेत पहिल्यापासून आहेत. रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेइकमध्ये अब्राहाम थाळीत वासरू घेऊन येतो, सारा दारात उभी आहे, पाहुण्यांपुढे तीन गोल भाकरी आहेत. नोव्हगोरोदमध्ये १३७८ साली थिओफनीज या ग्रीक चित्रकारानं काढलेल्या भित्तिचित्रातही यजमान जोडपं आहे. त्याच थिओफनीजबरोबर १४०५ मध्ये मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये काम केलेला आंद्रेई रुब्लेव्ह पुढे हाच विषय घेतो, आणि अब्राहाम आणि सारा दोघांनाही चित्रातून काढून टाकतो.

हे धाडस समजून घ्यायला हवं. पंधराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतलं हे लाकडी फळीवरचं चित्र १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद आहे. रादोनेझच्या सेर्गीनं स्थापलेल्या मठासाठी ते घडलं. १४०८ मध्ये एदिगेई या तातार सरदाराच्या स्वारीत तो मठ जळाला होता. राजपुत्रांच्या आपसांतल्या वैरानं आणि बाहेरच्या धाडींनी तो काळ भरलेला होता. अनोळखी माणूस दारात आला की धडकी भरावी अशा दिवसांत रुब्लेव्ह तीन अनोळखी पाहुणे रंगवतो, आणि तेही किती शांत! तिघांची तोंडं एकाच घडणीची, तिघांच्या हातात बारीक काठ्या, कारण ते प्रवासी आहेत; तिघांच्या वस्त्रांत कुठे ना कुठे निळा रंग. मधला आणि उजवा डावीकडे झुकलेले, डावा काहीसा ताठ, आणि या झुकण्यातून एक अदृश्य वर्तुळ फिरत राहतं. कोण पिता, कोण पुत्र, कोण पवित्र आत्मा यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्या वादात फारसा रस नाही. चित्र स्वतःच ती ओळख पटवायची घाई करत नाही.

मेजावर एकच पेला आहे, त्यात वासराचं डोकं. सारेच्या भाकरी नाहीत, दही नाही, दूध नाही. एवढा मोठा बेत एका पेल्यात आटून आला आहे. आणि नीट पाहिलं तर बाजूच्या दोन देवदूतांच्या शरीरांची आतली कड मिळून मधल्याभोवती आणखी एका मोठ्या पेल्याचा आकार होतो. अब्राहामानं जे वाढलं तेच आता पाहुणे वाढताहेत. मागे घर आहे, झाड आहे, डोंगर आहे, पण ते यजमानाचं घर राहिलेलं नाही. पायांखालच्या चौरंगांच्या कडा चित्रात खोल शिरताना जवळ येण्याऐवजी बाहेर, पाहणाऱ्याकडे एकत्र येतात. त्यामुळे मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी राहते, आणि पुष्कळ जाणकार ती आपल्यासाठी राखलेली जागा मानतात. मी त्यात एवढीच भर घालीन की ती जागा आधी अब्राहामाची होती. तो चित्रात नाही, कारण तो जिथून पाहत उभा होता तिथेच चित्रकारानं आपल्याला उभं केलं आहे. शतकानुशतकं हे चित्र सोन्याच्या मुलाम्याच्या पत्र्याआड राहिलं, चेहरे आणि हात तेवढे दिसत. १९०४ मध्ये वासिली गुर्यानोव्हनं पत्रा उतरवून वरचे थर साफ करायला घेतले तेव्हा तो निळा रंग लोकांना पुन्हा दिसला.

पण रुब्लेव्हला जे रंगवता आलं नाही ते मला या अध्यायाचं हृदय वाटतं. पाहुणे उठतात, आणि अब्राहाम त्यांना वाटेला लावायला बरोबर चालू लागतो. वेशीपर्यंत पोचवायला जाणं एवढाच तो प्रसंग. पण तिथेच परमेश्वर स्वतःशी विचार करतो की मी जे करणार आहे ते अब्राहामापासून लपवून कसं ठेवू? मेजावर नाही, दर्शनाच्या क्षणी नाही. जेवण आटोपल्यावर, वाटेनं चालताना देव आपलं मन उघडं करतो. पुढे यशयाच्या पुस्तकात, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आणि याकोबाच्या पत्रात अब्राहामाला देवाचा मित्र म्हटलं आहे. मम्रेजवळच्या हेब्रोनचं अरबी नाव अल-खलील हे याच मैत्रीवरून आलं. त्या मैत्रीचा जन्म मला या पायवाटेवर दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानातही क्रम तोच आहे. येशू आधी शिष्यांचे पाय धुतो, मग जेवण होतं, मग तो त्यांना इथून उठून निघायला सांगतो. त्यानंतरच्या बोलण्यात तो म्हणतो की मी तुम्हाला आता चाकर म्हणत नाही, मित्र म्हणतो, कारण धनी काय करतो ते चाकराला ठाऊक नसतं. कित्येक भाष्यकारांच्या मते ते बोलणं वाटेवरचं आहे.

मित्र झालेला अब्राहाम लगेच काय करतो? भांडतो. दोघं पाहुणे सदोमकडे निघून जातात, एक मागे राहतो. प्रचलित पाठात अब्राहाम परमेश्वरासमोर उभा आहे. पण यहुदी परंपरेत लेखनिकांनी केलेल्या दुरुस्त्यांची एक यादी आहे, आणि तिच्यानुसार मूळ वाक्य उलटं होतं: परमेश्वर अब्राहामासमोर उभा होता. ते लेखनिकांना अनादराचं वाटलं असावं. मला ते उलटं वाक्यच खरं वाटतं. जेवताना यजमान उभा होता, आता पाहुणा उभा राहून ऐकतो आहे. मग सदोमचा नाश टळावा म्हणून ५० नीतिमान माणसांपासून घासाघीस सुरू होते: ४५, ४०, ३०, २०, १०. अब्राहाम कधी स्वतःला धूळ आणि राख म्हणवून, कधी रागावू नकोस म्हणून, पुन्हा पुन्हा एक पायरी उतरतो. आणि हे कुणासाठी? ज्या गावाशी त्याचा संबंध पुतण्यापुरता आहे, अशा परक्या गावासाठी. दारात आलेल्या तिघांना जेवू घातलेला माणूस आता न पाहिलेल्या शेकडोंसाठी शब्द टाकतो. त्याच्या पाहुणचाराची हद्द तंबूच्या बाहेर, दरीपलीकडे गेली आहे.

पुढचा अध्याय याची दुसरी बाजू दाखवतो. तेच दोघं पाहुणे संध्याकाळी सदोमला पोचतात, अब्राहामाचा पुतण्या लोट त्यांना आग्रहानं घरी नेतो, आणि गावातले पुरुष दाराशी जमून पाहुण्यांवर हात टाकू पाहतात. यहेज्केल संदेष्टा सदोमचा दोष सांगताना म्हणतो की तिथे पोटभर अन्न होतं, स्वस्थता होती, गर्व होता, आणि गरिबाला हात देणं तेवढं नव्हतं.

यानंतर मला एक प्रश्न सोडत नाही. एकविसाव्या अध्यायात सारेच्या सांगण्यावरून तिच्या दासीला, हागारेला, आणि हागारेच्या मुलाला, इश्माएलाला, घराबाहेर काढायची वेळ येते. मुलगा अब्राहामाचाच. त्याला फार वाईट वाटतं, देव त्याला सारेचं ऐकायला सांगतो, इश्माएलाचंही राष्ट्र होईल असं वचन देतो, आणि अब्राहाम पहाटे उठून त्या मायलेकरांना भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन वाटेला लावतो. अनोळखी माणसांना वासरू कापणाऱ्या घरातून स्वतःच्या लेकराला एवढंच. बाविसाव्या अध्यायात तो पुन्हा पहाटे उठतो, सारेच्या पोटी झालेल्या इसहाकाला बळी द्यायला मोरियाकडे नेण्यासाठी. सदोमसाठी सहा वेळा मागणं घालणारा हा माणूस या दोन पहाटांना तोंडातून शब्द काढत नाही. परक्यांसाठी भांडायचं आणि स्वतःच्या लेकरांसाठी गप्प राहायचं, हे मैत्रीचं परिपक्व रूप मानायचं की तिच्यातली भेग? याकोबाच्या पत्रात देवाचा मित्र ही पदवी इसहाकाच्या प्रसंगाशीच जोडली आहे. मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही, आणि कथाकारानंही अब्राहामाच्या मौनाचं समर्थन कुठे केलेलं नाही. त्यानं फक्त हागारेची पुढची वाट आपल्याला दाखवली. पखालीतलं पाणी संपतं, आई मुलाला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते, आणि देव मुलाचं रडणं ऐकून तिला विहीर दाखवतो. मित्राच्या घरातून निघालेल्यांचा पाहुणचार देव स्वतः करतो. मुलगा रानात वाढतो, तिरंदाज होतो. आणि अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन मरतो तेव्हा मकपेलाच्या गुहेत त्याला मूठमाती द्यायला इसहाक येतो, तसा इश्माएलही येतो.