कशफच्या रागाचा प्रश्न

‘जिंदगी गुलजार है’ ही उर्दू दूरचित्रवाणी मालिका 2012-13 मध्ये पाकिस्तानात गाजली. लेखन उमेरा अहमद यांचे, दिग्दर्शन सुलताना सिद्दिकी यांचे. 2014 मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीने ती भारतात आणली, तेव्हा आम्ही ती न्हावा शेव्यात पाहिली. 2016 च्या उरी हल्ल्यानंतर वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबविल्या. परंतु या मालिकेने उभा केलेला संसाराचा प्रश्न केवळ सरहद्दीपलीकडचा नाही. म्हणून तिची चिकित्सा अगत्याची आहे.

राफियाला तीन मुलीच झाल्या, म्हणून मुर्तजाने दुसरे लग्न केले आणि या चौघींना वाऱ्यावर सोडले. राफिया शाळेतल्या नोकरीवर घर चालविते, मुलींना शिकविते. थोरली कशफ शिष्यवृत्तीवर विद्यापीठात जाते, पुढे सनदी अधिकारी होते आणि जारून या श्रीमंत सहाध्यायाशी तिचे लग्न होते. टाकलेली बाई इथे कपाळाला हात लावून बसत नाही, हे मालिकेचे बळ. आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे आलेल्या पहिल्या पिढीला पैपैचा हिशेब करणारी ही राफिया परकी वाटणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. कशफ चिडते, हे आमच्याच वाट्याला का, असा देवालाच जाब विचारते. हा राग कोठून आला ते मालिका आरंभी प्रामाणिकपणे दाखविते. पण हळूहळू तोच तिचा स्वभावदोष ठरतो. त्याला नाव मिळते ‘नाशुक्री’, म्हणजे कृतघ्नता. विषमता जागच्या जागी राहते. बदलायचे ते कशफने! प्रस्थापितांची ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. दलित लेखकाने तोंड उघडले तेव्हा त्यालाही आक्रस्ताळा म्हटले गेले.

लग्नाआधी दुसऱ्याने कशफला मागणी घातली होती, एवढ्यावरून जारून संशय घेतो. कशफ माहेरी येते. शेवटी तो माफी मागतो, जुळ्या मुली होतात, सारे गोड होते. म्हणजे अधिकारी झालेल्या बाईचाही संसार नवऱ्याच्या मर्जीवरच टिकायचा. घर कोणाच्या नावावर, हे मालिका विचारीत नाही.

न्हावा शेव्यात हा प्रश्न टाळता येत नाही. जमिनी संपादित झाल्या. जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच आंदोलक बळी गेले. 1989 मध्ये बंदर सुरू झाले. आंदोलनात बायाही होत्या. पण साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची वाटणी निघाली, तेव्हा बहिणींपुढे हक्कसोडपत्र आले. 1994 मध्ये महाराष्ट्रात हिंदू कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला, तरी बहिणीची सही ‘प्रेमाने’ मागितली जाते. न देणारी कृतघ्न ठरते. कशफला मिळालेले तेच नाव!

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात एकपत्नीत्व, घटस्फोट आणि स्त्रीचा वारसाहक्क एकत्र मांडला. बिल रखडल्यावर 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. संसार पुरुषाच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो, ही त्यामागची जाणीव होती. मुर्तजाचे दुसरे लग्न पाहून एका धर्माकडे बोट दाखविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की 1955 च्या विवाह कायद्यानंतरही आपल्या गावांतला दुसरा घरोबा संपलेला नाही.

कशफचा राग रास्त होता. तो शमविण्याऐवजी मालिकेने त्याला हक्काची भाषा दिली असती, तर राफियाच्या कष्टांचे चीज झाले असते.