तिखट, तुरट आणि ‘स्पायसी’

आपल्याकडच्या वाइनची बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं की बऱ्याचदा एक सल्ला हमखास सापडतो: ही वाइन ‘स्पायसी इंडियन फूड’सोबत छान लागते. दोन वर्षांपूर्वी मी या वाक्यावर विश्वास ठेवला आणि शेनिन ब्लांची एक बाटली घेऊन घरी गेलो. आईनं आमसूल-गूळ घालून आमटी केली होती. सोबत बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि लसणाची चटणी. बाबांनी बाटलीकडे एकदा पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. आईनं स्टीलच्या पेल्यातून दोन घोट घेतले आणि म्हणाली, “आमटीपुढे हे पाणचट लागतंय रे. आणि चटणीनंतर तर नुसतंच झोंबतंय.”

त्यानंतर मी वाइन आणि जेवणाच्या जोड्यांबद्दल बरंच वाचलं. लेख, पुस्तकं, रील्स, झालंच तर बाटल्यांची लेबलं. आईच्या त्या दोन वाक्यांइतकी नेमकी समीक्षा त्यात क्वचितच सापडली.

तिचं पहिलं वाक्य घ्या. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइनचा आंबटपणा जिभेला जाणवेनासा होतो आणि ती बेचव, पाणीदार लागते. आमसुलाच्या आमटीपुढे टिकायचं तर वाइन निदान तितकी आंबट हवी. दुसरं वाक्य त्याहून महत्त्वाचं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवतं, तो मुळात उष्णता ओळखणारा. म्हणून तिखट ‘भाजतं’. अल्कोहोलमुळे हाच संवेदक आणखी हळवा होतो. तेव्हा तिखटावर वाइन म्हणजे आगीत तेल. थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची, थंडगार वाइन असेल तर निभावतं, पण हे लेबलवर कोणी लिहीत नाही.

लिहीत नाही, कारण ‘स्पायसी’ या शब्दात ते मावत नाही. मराठीत तिखट वेगळं आणि मसालेदार वेगळं. लवंग, दालचिनी, दगडफूल यांचा गरम वास असलेला, बेताच्या तिखटाचा मटणाचा रस्सा आणि शिराझ यांचं छान जमू शकतं. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शिराझ यांचं वैर आहे. इंग्रजी शब्द दोघांना एकाच कप्प्यात टाकतो आणि मग त्या कप्प्यासाठी एक बाटली सुचवतो. माझ्या कामात असा प्रकार झाला तर त्याला बग म्हणतात.

‘माशासोबत व्हाइट, मटणासोबत रेड’ हा नियमही तसलाच, इफ-एल्सच्या दोन ओळींचा. त्यात तथ्य आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की मासे-शिंपल्यांबरोबर रेड वाइन प्याल्यावर तोंडात जो उग्र वास राहतो, तो वाइनमधल्या लोहामुळे. पण हा नियम उकडलेल्या किंवा नुसत्या लिंबू-लोण्यातल्या माशासाठी आहे. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीत ओल्या नारळाचं वाटण असतं, आमसूल असतं, लाल मिरची असते. तिथे वाइनची गाठ माशाशी पडायच्या आधी या सगळ्यांशी पडते.

मराठीत वाइनवर लिहिणाऱ्यांनी इथे काही करायला हवं होतं. ते ‘ब्लॅककरंटचा सुगंध’ आणि ‘गूसबेरीची छटा’ लिहीत राहिले. ब्लॅककरंट आपल्यातल्या बहुतेकांना आइस्क्रीमपुरतंच ठाऊक. याउलट रेड वाइनमधल्या टॅनिनची जी जाणीव इंग्रजी लेखकाला उपमा देऊन समजवावी लागते, तिच्यासाठी आपल्याकडे सरळ शब्द आहे: तुरट. जांभूळ, आवळा, सुपारी, कच्चं केळं खाल्लेल्या कुणालाही तो शिकवावा लागत नाही. षड्रसांत तो ‘कषाय’ म्हणून मानानं बसलेला आहे. हा शब्द घरात असताना ‘टॅनिक स्ट्रक्चर’ उधार आणणं हा आळस आहे.

याहून मोठी अडचण ताटाची. जोडीची कल्पना अशा जेवणातून आली आहे जिथे एकामागून एक पदार्थ येतो आणि प्रत्येकासोबत पेला बदलता येतो. आपल्या ताटात डावी बाजू, उजवी बाजू सगळी एकदम वाढलेली. प्रत्येक घासाची जोडी खाणारा स्वतःच लावतो: भाताला आमटी, भाकरीला ठेचा, मध्येच लोणच्याचं बोट. या ताटाला बाहेरून आणखी एका जोडीदाराची गरज आहे का, हा प्रश्न मला कुठल्याही लेखात दिसला नाही.

आणि बाबांचा पेपर. रोलाँ बार्थनं ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) वाइन हे फ्रेंचांचं कुलचिन्ह असल्याचं म्हटलं आहे. तिथे न पिणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. आमच्याकडे उलट, खुलासा आणणाऱ्यानं द्यायचा. बाबांच्या धाकट्या भावाचं पिण्यापायी काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर महाराष्ट्रानं कडाकडा वाद घातला. माझ्या कानावर आलेल्या त्या वादात चव कुठेच नव्हती, आणि जोड्या सुचवणाऱ्या लेखनात काका कुठेच नसतात. दोन्ही लेखनं अर्धवट वाटतात ती म्हणून.

काही जोड्या मला सापडल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, या कामातल्या सवयीनं. स्पार्कलिंग वाइन आणि कांदाभजी: तेल आणि मिठाला फसफस आणि आंबटपणा कापतो, तोंड पुन्हा कोरं होतं. साबुदाणा वडाही चालतो, फक्त उपासाच्या दिवशी नको. सोव्हिन्यॉ ब्लां आणि कोथिंबीर वडी. जरा गोडसर शेनिन आणि लोण्याच्या गोळ्यासह थालीपीठ.

पण या यादीतही एक खोट आहे आणि ती मला उशिरा कळली. व्हाइट वाइन थंड हवी, असं सगळे सांगतात. त्या दिवशी आईनं ते दोन घोट ओट्याशी उभ्यानं घेतले होते. आम्हाला तव्यावरचे गरम फुलके मिळावेत म्हणून. तिचा पेला गॅसशेजारी तसाच राहिला. ती जेवायला बसली तेव्हा वाइन कोमट झाली होती आणि आमटी गार. ‘घरच्या जेवणासोबत वाइन’ लिहिणारा प्रत्येक जण जेवणारा बसलेला आहे असं धरून चालतो. करणारी कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या खेपेला फुलके मी लाटले. नकाशे झाले. आई बसली, थालीपीठ नव्हतं, आमटीच होती. पेल्यातली वाइन थंड होती आणि तरीही तिला आवडली नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला होता, एवढंच.