वादळाचे छायाचित्र आणि प्रामाण्याचा प्रश्न : गिरड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी सर्वदूर परिचित आहे. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक येथे येतात. या टेकडीवर फळांच्या व वाणसामानातील जिनसांच्या आकाराचे दगड आढळतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शिळारूप झाला, अशी त्यामागील आख्यायिका असून इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरनेही ती नोंदविली आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने हे झिओलाइट वर्गातील खनिजांचे गोळे होत. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत ही खनिजे साचतात आणि खडक झिजल्यावर मागे उरतात. आख्यायिकेचे मूल्य श्रद्धेच्या व लोकसंस्कृतीच्या क्षेत्रातील आहे. त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मात्र त्या दगडांच्या निमित्ताने पद्धतीविषयीचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. आकाराच्या सारखेपणावरून वस्तूची उत्पत्ती ठरविता येते काय?

वादळाच्या छायाचित्रापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. ढगातून खाली झुकलेली सोंडेसारखी आकृती दिसताच 'हे टॉर्नेडो आहे' असा निर्वाळा दिला जातो. असे छायाचित्र पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे आणि त्याची चिकित्सा कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांचा संकर

या प्रश्नातील पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत 'चक्रीवादळ' हा शब्द समुद्रावर निर्माण होणाऱ्या, शेकडो किलोमीटर व्यासाच्या वादळासाठी रूढ आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले 'निसर्ग' हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु बातम्यांतून हाच शब्द एखाद्या गावावरून काही मिनिटांत निघून जाणाऱ्या वाऱ्यासाठीही सर्रास वापरला जातो. टॉर्नेडोसाठी विज्ञानलेखनात 'घूर्णवाती वादळ' असा शब्द आढळतो, पण तो बोलण्यात उतरलेला नाही. उलट 'वावटळ' हा शब्द बोलीत जिवंत असला, तरी तो तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या धुळीच्या भोवऱ्याचा वाचक आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. शासकीय मदतीसाठी ग्राह्य आपत्तींच्या सूचीत चक्रीवादळ आणि गारपीट ही स्वतंत्र नावे आहेत. ज्या शेतकऱ्याच्या घरावरील टिना उडाल्या, त्याच्या दृष्टीने नुकसानाच्या नोंदीत कोणता शब्द लिहिला जातो, हा व्यवहाराचा प्रश्न असतो. म्हणून नाव देण्यापूर्वी वस्तू ओळखणे अगत्याचे ठरते.

छायाचित्रात जे नसते

टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी मेघाच्या तळाशी जोडलेला, जमिनीला टेकलेला आणि अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. या व्याख्येत तीन अटी आहेत : मेघाशी संबंध, भूमीशी संपर्क आणि भ्रमण. स्थिर छायाचित्र यांपैकी पहिली अट बऱ्याचदा दाखवू शकते, दुसरी क्वचित आणि तिसरी जवळजवळ कधीच नाही. भ्रमण ही काळात घडणारी क्रिया आहे. छायाचित्र हा काळाचा एक छेद आहे. त्यामुळे एकामागोमाग घेतलेली चार साधी छायाचित्रे एका विलक्षण छायाचित्रापेक्षा अधिक बोलकी ठरतात.

भूमीशी संपर्क ठरविणेही दिसते तितके सोपे नाही. गिरडच्या टेकडीसारख्या उंच जागेवरून क्षितिज दूरवर दिसते, पण लांबच्या मेघाचा तळ आणि जमीन यांच्यामध्ये झाडांची रांग किंवा भूभागाचा उंचवटा येतो. सोंड जमिनीला टेकली की झाडांच्या मागे अधांतरी राहिली, हे अशा चित्रातून कळत नाही. याउलट, दृश्य सोंड अर्ध्यावर संपलेली असली तरी तिच्या खाली जमिनीवर धूळ व कचरा गरगरत असल्यास संपर्क झालेला असतो, कारण फिरणारी हवा स्वतः अदृश्य असते. डोळ्यांना दिसतात ते बाष्पाचे थेंब आणि धूळ.

फसवी सादृश्ये

मेघांच्या काही आकृती टॉर्नेडोचा भास निर्माण करतात. वादळाच्या अग्रभागी थंड हवेचा लोंढा पुढे सरकताना उबदार दमट हवेला वर ढकलतो आणि फळीसारखा लांबलचक ढग तयार होतो. जुलै २०२३ मध्ये हरिद्वार येथे टिपलेल्या अशाच ढगाची दृश्ये देशभर पसरली होती. तो भयप्रद दिसला तरी उभ्या अक्षाभोवती फिरणारा स्तंभ नव्हता. पावसाच्या दूरच्या सरी स्तंभासारख्या दिसतात, पण त्यांच्या कडा पुसट असतात. मुख्य मेघाखाली लोंबणारी ढगांची लक्तरे क्षणभर सोंडेचा आकार घेतात आणि विरून जातात. वैशाखातील वावटळ निरभ्र आकाशाखाली जमिनीवरून वर चढते. तिच्या डोक्यावर जनक मेघ नसतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील केशवनगर व खराडी परिसरात, मुळा-मुठेच्या पात्रावर कीटकांचे उंच, वळणदार स्तंभ दिसले आणि 'डासांचे टॉर्नेडो' म्हणून त्यांची चित्रफीत सर्वत्र प्रसृत झाली. आकार खरोखरच सोंडेचा होता. पण तेथे गडगडाटी मेघ नव्हता आणि विध्वंसक वाराही नव्हता. मीलनकाळी पाण्याजवळ थव्याने उडणाऱ्या कीटकांचे असे स्तंभ इतरत्रही आढळतात. या नावामुळे नदीच्या प्रदूषणाचा मूळ प्रश्न हवामानाच्या चमत्काराआड झाकला जाण्याचा धोका होता. चुकीचे नाव चुकीच्या उपायाकडे नेते, ते असे.

१८८४ ची दोन छायाचित्रे

नाट्यमयता आणि प्रामाण्य यांचा संबंध तपासण्यासाठी या प्रकारच्या छायाचित्रणाच्या आरंभाकडे पाहणे उपयुक्त ठरते. २८ ऑगस्ट १८८४ रोजी अमेरिकेतील हॉवर्ड या गावाजवळ घेतलेले छायाचित्र दीर्घकाळ टॉर्नेडोचे सर्वांत जुने छायाचित्र मानले जात होते. मध्यभागी गडद सोंड, दोन्ही बाजूंस दोन लहान सोंडा आणि खाली उसळलेली धूळ अशी त्याची रचना अत्यंत परिणामकारक आहे. परंतु त्यावर हाताने मोठ्या प्रमाणात संस्कार केलेले आहेत. त्याच्या चार महिने आधी, २६ एप्रिल १८८४ रोजी, कॅन्सस राज्यात ए. ए. अ‍ॅडम्स यांनी दूरवरच्या टॉर्नेडोचे छायाचित्र घेतले होते. त्यात एक सडपातळ, दोरीसारखी आकृती दिसते. ते पाहून कोणी थक्क होणार नाही. तरीही अभ्यासकांच्या दृष्टीने तेच अधिक विश्वसनीय आहे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. छायाचित्राची परिणामकारकता हा त्याच्या सत्यतेचा पुरावा नव्हे; किंबहुना अतिरिक्त परिणामकारकता ही चिकित्सेला दिलेली सूचना आहे. आजच्या भ्रमणध्वनीतील कॅमेरा गडद छटा आपोआप गहिऱ्या करतो आणि विशालकोनी भिंग सरळ ढगाला वाकवते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मुळात न घडलेले वादळही रचता येते. १८८४ मध्ये कुंचल्याने झालेले काम आज यंत्र करते, एवढाच भेद.

जमिनीची साक्ष

मग निर्णय कशावर करावा? या संदर्भात शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांचे कार्य मार्गदर्शक आहे. २० जून १९५७ रोजी फार्गो शहरात झालेल्या टॉर्नेडोची नागरिकांनी काढलेली सुमारे दीडशे छायाचित्रे त्यांनी जमविली, प्रत्येकाचे स्थान व वेळ निश्चित केली आणि त्यांवरून वादळाची वाटचाल उभी केली. एकटे चित्र जे सांगू शकत नव्हते, ते चित्रांच्या समूहाने सांगितले. पुढे १९७१ मध्ये त्यांनी नुकसानावर आधारित तीव्रताश्रेणी मांडली. मेघातून कोसळून जमिनीवर पसरणाऱ्या हवेच्या झोतात झाडे एका केंद्रापासून बाहेरच्या दिशेने पडतात. टॉर्नेडोत ती अरुंद पट्ट्यात, एकमेकांकडे वळलेली किंवा वर्तुळाकार पडलेली आढळतात, हा भेदही त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला.

भारतात टॉर्नेडो होतच नाहीत, असा समज बाळगणेही तितकेच चुकीचे आहे. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत झालेल्या टॉर्नेडोत २८ जण मृत्युमुखी पडले. २६ एप्रिल १९८९ रोजी शेजारच्या बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात सुमारे १३०० बळी गेले. म्हणून विदर्भातील प्रत्येक छायाचित्र खोटे ठरविण्याची घाई ही श्रद्धाळूपणाचीच दुसरी बाजू होय. नागपूर येथील डॉप्लर रडार वादळातील वाऱ्याचे वेग टिपते. तथापि अंतर वाढत जाते तसा त्याचा किरण जमिनीपासून उंच जातो आणि खालचा अरुंद भोवरा निसटू शकतो. अशा वेळी उरते ती जमिनीचीच साक्ष.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वादळाचे छायाचित्र हा पुराव्याचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. मूळ प्रत, वेळ, स्थान, कॅमेऱ्याची दिशा आणि आधीनंतरची चित्रे यांची जोड मिळाली तरच त्याला साक्षीचे मूल्य प्राप्त होते. वादळानंतर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक नुकसानाचा पंचनामा करतात. त्यात किती झाडे पडली याबरोबरच ती कोणत्या दिशेला पडली आणि नुकसानाचा पट्टा किती रुंद होता, एवढ्या दोन नोंदींची भर पडली, तर बहुतेक वादांचा निकाल गावातच लागू शकेल. या नोंदीला खर्च नाही. मात्र ती रस्त्यावरचे झाड तोडून बाजूला करण्यापूर्वी व्हावी लागते. महाविद्यालयांतील भूगोल विभागांनी हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास काही वर्षांत विदर्भातील वादळांचा एक विश्वसनीय संग्रह उभा राहील. तोपर्यंत एखाद्या चित्रापुढे 'टॉर्नेडो' असे लिहिण्याऐवजी 'वादळी मेघ, स्वरूप अनिश्चित' असे लिहिणे, यातच अभ्यासाचा प्रामाणिकपणा आहे.