जोडी, यंत्र आणि चौंडके

सांगलीकडे ‘जोडी’ म्हटले की माझ्या पिढीला आधी कवलापूरचे काळू-बाळू आठवतात. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातली नावे त्यांना कायमची चिकटली. पुढे दोघे दिसत, पण मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे, झीलकरी असा सारा फड उभा असे.

ब्रिटनमध्ये १९८० नंतर याच्या उलट घडले. नील टेनंट आणि ख्रिस लो १९८१ मध्ये लंडनच्या एका इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात भेटले. ‘पेट शॉप बॉइज’ या नावाने केलेले त्यांचे ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे गाणे १९८६ च्या जानेवारीत तिथे पहिल्या क्रमांकावर गेले. एकाने गायचे, दुसऱ्याने कीबोर्ड सांभाळायचा. ताल आणि बाकीचा वाद्यमेळ सिंथेसायझरने पुरवायचा. फडच यंत्रात गेला. त्यातून एक थंड, अलिप्त, शहरी सूर जन्मला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

अजय आणि अतुल गोगावले ही आपल्याकडची आजची जोडी यांपैकी कोणत्या वाटेची? त्यांची ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकली तर उत्तर सोपे राहत नाही.

‘जोगवा’ (२००९) आपल्या मुलखाच्या अगदी जवळचा. त्याला आधार आहे कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेचा आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा. जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेत चौंडके ऐकलेल्या माणसाला त्याचा गुण सांगायला नको. पोकळ नळकांडे, तळाला कातडे, त्यातून निघालेली तार. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की घसरतो. कीबोर्डवर सूर पायरी-पायरीने चढतो. चौंडक्यात दोन पायऱ्यांमधली जागाच वाजते. ‘लल्लाटी भंडार’मध्ये अजय यांचा आवाज नेमका त्या जागेत फिरतो. वरच्या पट्टीत तो ताणला जातो, खरखरतो, आणि त्याला गोड करण्याची घाई कुणी केलेली नाही.

त्याच चित्रपटातल्या ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, संगीताचा पुरस्कार या जोडीलाही मिळाला. गाणे सुरेखच आहे. पण माझ्या कानाला ते कुठल्याही गावचे होऊ शकते. ‘लल्लाटी’ होऊ शकत नाही.

‘सैराट’मध्ये (२०१६) हा ताण उघड झाला. त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. करमाळ्याकडच्या प्रेमकथेला एवढी व्हायोलिने शोभली, हे या जोडीचे मोठे यश. पण वरातीत आले ते ‘झिंगाट’, म्हणजे त्या चित्रपटातले सर्वांत यांत्रिक ठेक्याचे गाणे. कारण साधे आहे. ती व्हायोलिने विट्यात कुठून आणणार? ‘झिंगाट’ मात्र एक कीबोर्ड आणि एक पॅड असले की वाजते.

खानापूर-आटपाडीकडच्या वराती मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. हलगी, घुमके, कैताळ यांना किमान तीन माणसे लागतात, आणि त्या तिघांची एकमेकांशी नजरानजर लागते. आता दोन माणसे पुरतात. कधी नुसता पेन ड्राइव्हही पुरतो. लंडनच्या जोडीचे सूत्र असे आमच्या गल्लीत पोहोचले, पण त्यातली कल्पकता वाटेतच गळली.

याचा दोष ‘झिंगाट’ला देणे अन्यायाचे ठरेल. ते गाणे हलगीचे सोंग घेत नाही. यंत्राचा आनंद यंत्रानेच देते. माझी तक्रार पुढच्या नकलांबद्दल आहे. त्यांत पॅडमधली हलगी वाजते आणि हलगीवाला घरी बसतो.

पेट शॉप बॉइजनाही पुढे माणसे लागलीच. २००४ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या जुन्या मूकपटाला त्यांनी संगीत दिले, तेव्हा सोबतीला ड्रेस्डेनचा वाद्यवृंद होता. यंत्राने सुरुवात करणाऱ्यांनीही माणसांची जागा ओळखली होती.

अजय-अतुल यांचे मोल पुरस्कारांवर किंवा व्हायोलिनांच्या संख्येवर ठरवू नये. ‘लल्लाटी’ ऐकल्यावर जतच्या यात्रेतले चौंडके मला अधिक नीट ऐकू येऊ लागले. ध्वनिमुद्रणाने याहून मोठे काम ते काय करायचे? मात्र ते ऐकायला चौंडके वाजवणारा तिथे असला पाहिजे, आणि तेवढे काम कोणत्याही संगीतकार जोडीचे नाही. ते सुपारी देणाऱ्या आपल्या सर्वांचे आहे.