घडवलेल्या देहांचे पालकत्व

माणसाने घडवलेल्या, माणसासारख्या दिसणाऱ्या वस्तूला हक्क असावेत का? ऑक्टोबर २०१७मध्ये सौदी अरेबियाने सोफिया या यंत्रमानवाला नागरिकत्व जाहीर केले, डिसेंबरात ती साडी नेसून पवईच्या आयआयटीत बोलली, आणि हा प्रश्न आपल्याला नवा वाटला. न्यायालयांना तो नवा नव्हता. डाकोरच्या देवस्थानाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७मध्येच देवाला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले. कुलदेवतेची मूर्ती पूजेच्या आपल्या पाळीत कोणी आपल्या घरी न्यावी का, या कलकत्त्याच्या मलिक कुटुंबातील वादात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मूर्तीची बाजू मांडायला स्वतंत्र वादमित्र नेमा. मूर्तीला वेदना होतात म्हणून हा दर्जा मिळालेला नाही. तिला वाहिलेले कोणी गिळू नये आणि तिच्या वतीने उत्तर देणारा माणूस ठरलेला असावा, यासाठी तो आहे. मुंबईतल्या घडवणाऱ्या कलांचा आढावा याच कसोटीवर घ्यायला हवा.

परळ-लालबागच्या गणेशमूर्तिशाळांमधली कला कौशल्यात कोणाला हार जाणार नाही. सर्वांत शेवटी होणारी डोळ्यांची आखणी पाहिली की मातीत नजर कशी येते ते कळते. विधीचीही शिस्त पक्की आहे: प्राणप्रतिष्ठेने दर्जा मिळतो, उत्तरपूजेने तो रीतसर संपतो. मात्र पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि उंचीच्या स्पर्धेने ही शिस्त मोडली. शाडू पाण्यात विरघळतो, पीओपी तसा विरघळत नाही. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव आणि दादरच्या किनाऱ्यावर तुटलेले हात, सोंडा, मुकुट पडलेले दिसतात. २०२५मध्ये उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यातले विसर्जन मर्यादित केले, आणि उंच मूर्तींना मुदतीची सवलत दिली. वाद पर्यावरणाचा होता, पण माझ्या मते मुद्दा नीतीचाही आहे. ज्याला आपण प्राण दिले असे म्हणतो, त्याच्या शेवटाची जबाबदारी निर्मात्याने आणि मंडळाने टाळता कामा नये. मूर्तिकाराचे नाव मंडपात ठळक लिहिलेले क्वचितच दिसते, हाही तितकाच मोठा दोष.

बोलक्या बाहुल्यांची कला प्रामाणिकपणात पुढे आहे. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव हा बाहुला पुढे रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून कोणालाही काहीही बोलला, तरी बोलवता धनी शेजारीच दिसत असे. प्रेक्षकाची फसवणूक होत नव्हती, आणि बाहुल्याच्या प्रत्येक शब्दाला जबाबदार माणूस रंगमंचावर हजर होता. ‘झपाटलेला’ (१९९३) चित्रपटातला तात्या विंचू भीती दाखवतो तो नेमका उलट्या कारणाने: तिथे गुन्हेगाराचाच जीव बाहुल्यात लपला आहे आणि पकडायला माणूस सापडत नाही.

आजची आवाजाची नक्कल करणारी यंत्रे दुर्दैवाने तात्या विंचूच्या वाटेने निघाली आहेत. अरिजित सिंग यांना २०२४मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५मध्ये आपल्याच आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले, ते योग्यच. पण प्रत्येक गायकाला वकील परवडत नाही. तमाशातल्या गायिकेचा आवाज उचलला गेला, तर तिने कोणाकडे जायचे?

यंत्राला स्वतंत्र व्यक्तीचा दर्जा देण्याची घाई मला म्हणूनच धोक्याची वाटते. युरोपीय संसदेने २०१७मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ची कल्पना विचारार्थ मांडली होती. असा दर्जा पालकाविना दिला, तर कंपनी नामानिराळी राहील आणि दोष यंत्राच्या माथी जाईल. उद्या एखाद्या यंत्राला खरोखर सुखदुःख कळू लागले, तर त्याच्या हक्कांचा विचार आपल्याला मोकळ्या मनाने करावाच लागेल, आणि तेव्हाही त्याच्या वतीने बोलणारा, धन्यापासून स्वतंत्र असा वादमित्र लागेलच. तोवर कायद्याने इतके तरी बंधन घालावे की कृत्रिम देह किंवा आवाज बाजारात आणणाऱ्याने तो कृत्रिम असल्याचे सांगावे, ज्याच्यावरून तो घडवला त्याची संमती आणि मोबदला नोंदवावा, आणि तो बंद करण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यावी. देवाच्या बाबतीत जे आपण शंभर वर्षांपूर्वी मान्य केले, ते यंत्राच्या धन्याला माफ करण्याचे काहीच कारण नाही.